मुंबईचा नगरसेवक: मतदारांचे नेहमीचे प्रश्न

मी उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यामुळे निवडणूक आली की लोक मला जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ, दूध घेताना कुठेही गाठतात आणि विचारतात. १५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं, त्याआधीचा महिनाभर आणि त्यानंतरचेही काही आठवडे हेच चालू होतं. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

माझा वॉर्ड नक्की कुठला? एक जण ‘एस वॉर्ड’ म्हणतो, दुसरा आकडा सांगतो.

दोघंही बरोबर आहेत, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. मुंबईत ‘वॉर्ड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

अक्षराचा वॉर्ड म्हणजे प्रशासकीय विभाग. कुलाब्याच्या ‘ए’पासून मुलुंडच्या ‘टी’पर्यंत. वर्षानुवर्षं असे २४ विभाग होते, अलीकडे काही मोठ्या विभागांची फोड झाली. इंग्रजी मुळाक्षरांतली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं या यादीत नाहीतच, आणि एफ, जी, एच, के यांसारख्यांचे पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण असे तुकडे आहेत. या विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो, ज्याला आपण वॉर्ड ऑफिसर म्हणतो. तो नोकरदार माणूस. त्याला कोणी निवडून देत नाही.

आकड्याचा वॉर्ड म्हणजे निवडणूक प्रभाग. असे २२७ आहेत आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती. भागाकार केला तर एका प्रभागात साधारण ५५ हजार माणसं येतात, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

तेव्हा तक्रार करायची तर अक्षर लक्षात ठेवा, मत द्यायचं तर आकडा. दोन्ही पाठ असलेला माणूस मला आमच्या इमारतीत अजून भेटायचा आहे.

नगरसेवकाचं काम काय? आमदारही तेच सांगतात, खासदारही तेच.

बॅनरवर सगळे सगळंच करतात! पाणी, मलनिस्सारण, कचरा, गल्लीबोळातले रस्ते, पदपथ, पावसाळी नाले, महापालिकेच्या शाळा, दवाखाने, प्रसूतिगृहं, बागा, मंडया, स्मशानं ही महापालिकेची कामं, म्हणून नगरसेवकाची. मुंबईत जुन्या कार्यकर्त्यांचं एक वाक्य आहे, ‘गटर, वॉटर, मीटर’. हे तीन जमले की नगरसेवक परत येतो.

पण मुंबईची जमीन एका मालकाची नाही. तुमच्या दारासमोरची भिंत रेल्वेची असू शकते, मागची वसाहत म्हाडाची (राज्याचं गृहनिर्माण मंडळ), समोरचा पूल एमएमआरडीएचा (राज्याचं महानगर विकास प्राधिकरण). पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गसुद्धा महापालिकेकडे आले ते २०२२ मध्ये. वाहतूक पोलीस राज्य सरकारचे. नगरसेवक ‘ते आमच्या हातात नाही’ म्हणाला तर तो दर वेळी टाळतच असतो असं नाही. कधी कधी खरंच नसतं.

आणि ज्या गोष्टी महापालिकेच्या हातात आहेत, त्याही नगरसेवकाच्या हातात असतातच असं नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताला दिले आहेत. हा कायदा घडवण्यात फिरोजशाह मेहतांचा मोठा वाटा होता, म्हणून महापालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. आयुक्त आयएएस अधिकारी, त्याची नेमणूक राज्य सरकार करतं. नगरसेवक प्रश्न विचारतो, ठराव मांडतो, समितीत बसून प्रस्ताव अडवतो किंवा पुढे सरकवतो. खड्डा बुजवायची ऑर्डर तो देत नाही. तो ज्याला फोन करतो तो माणूस देतो. नगरसेवकाची खरी ताकद या फोनमध्ये आहे, आणि त्याचा फोन उचलला जातो कारण उद्या सभागृहात तोच त्या खात्याला जाब विचारणार असतो.

मग चार वर्षं नगरसेवक नव्हते, तरी महापालिका चाललीच की!

चालली. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. सभागृहाचे अधिकार त्यांच्याकडे, मोठी कंत्राटं मंजूर करणाऱ्या स्थायी समितीचेही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं होतं आणि त्यावर निवडून आलेल्या एकाही माणसाने सभागृहात उभं राहून चर्चा केली नाही. याआधी १९८४-८५ मध्येही प्रशासक होता, पण तो प्रकार साधारण वर्षभरात आटोपला होता.

आम्हाला हे कसं जाणवलं ते सांगतो. आमच्या इमारतीला पहाटे साडेचार ते सहा पाणी येतं. मध्ये एकदा ते पावणेपाचला यायला लागलं आणि साडेपाचलाच जायला लागलं. पूर्वी असं झालं की आम्ही नगरसेवकाच्या कार्यालयात जायचो. तिथला पोरगा चावीवाल्याला फोन लावायचा आणि दोन दिवसांत वेळ पूर्ववत व्हायची. (मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो, चावीवाला म्हणजे रस्त्यातल्या व्हॉल्व्हची चावी फिरवून गल्लीला पाणी सोडणारा महापालिकेचा कामगार. आमच्या गल्लीत त्याच्याएवढा अधिकार कोणाचाच नाही.) प्रशासकाच्या काळात आम्ही ऑनलाइन तक्रार केली. चौथ्या दिवशी संदेश आला, ‘तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ पाणी मात्र साडेपाचलाच जात राहिलं. तक्रार पुन्हा केली, पुन्हा निराकरण झालं. अशी चार निराकरणं माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

नगरसेवक नसला म्हणून शहर बंद पडत नाही. ‘निराकरण झालेलं नाही’ हे ज्याच्या तोंडावर जाऊन सांगावं, असा माणूस मात्र उरत नाही.

निवडणूक एवढी लांबली कशामुळे?

दोन भांडणांमुळे. पहिलं ओबीसी आरक्षणाचं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांमध्ये हे आरक्षण द्यायचं तर आधी समर्पित आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. त्यातून बांठिया आयोग आला. दुसरं भांडण प्रभागांच्या संख्येचं. महाविकास आघाडी सरकारने २२७ चे २३६ केले, २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते परत २२७ वर आणले, आणि तेही न्यायालयात गेलं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. ते जमलं नाही, म्हणून ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत मिळाली. त्याच्या पंधरवडाभर आधी मतदान उरकलं.

ही निवडणूक दिल्लीचा निवडणूक आयोग घेतो का?

नाही. राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळा, स्वतंत्र, आणि १९९४ पासून आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेला. दोघांची गल्लत झाली की तक्रारी चुकीच्या दारात जातात.

विधानसभेला मत दिलं होतं. महापालिकेच्या यादीत नाव का नाही?

बहुतेक वेळा नाव असतं, पण शेजारच्या प्रभागात असतं. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही. तो एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिची फोड करतो. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्या हातात ओळखपत्र होतं पण मत नव्हतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सप्टेंबरमध्ये नोंदणी करून आली, नवं कोरं कार्ड घेऊन केंद्रावर गेली आणि रडवेली होऊन परत आली. तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी भानगड फोडीची. रस्त्याच्या मधोमध प्रभागाची हद्द गेली की याद्या फोडताना अख्खी इमारत पलीकडे ढकलली जाते. प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकतीसाठी थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत यादी बघा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर आरडाओरडा करून यादी बदलत नाही.

माझ्या नावापुढे दोन तारे होते. मी बोगस मतदार आहे का?

तसं कोणी म्हटलेलं नाही. यादीत एकच नाव एकाहून जास्त ठिकाणी दिसलं, तर या वेळी आयोगाने त्यापुढे दोन तारे छापले. अर्थ इतकाच, की हा दुबार असू शकतो. अशा मतदारांना आधीच विचारायचं होतं की तुम्ही नेमकं कुठे मत देणार. ज्यांना विचारलं गेलं नाही त्यांच्याकडून केंद्रावर हमीपत्र लिहून घ्यायचं आणि ओळख नीट तपासायची, असा नियम होता. मुंबईच्या यादीत एक कोटी तीन लाखांच्या आसपास नावं होती, त्यात असे संशयित दुबार लाखोंनी निघाले. काही खरंच दुबार, काही नुसतेच नामसाधर्म्याचे बळी. आमच्या प्रभागात एकाच नावा-आडनावाची, वडिलांचंही नाव तेच असलेली तीन माणसं आहेत. तिघांनाही तारे.

ओळखपत्र हरवलंय. मत देता येईल?

येईल. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन यांसारखी फोटो असलेली इतर ओळखपत्रं चालतात. मात्र पक्षाच्या टेबलावर मिळणारी पोलचिट हे ओळखपत्र नव्हे. त्यावर नेत्याचा फोटो असतो, तुमचा नाही.

केंद्र दर वेळचंच असतं ना?

गृहीत धरू नका. लोकसभा-विधानसभेचं केंद्र आणि महापालिकेचं केंद्र एक असेलच असं नाही. वेळही वेगळी असते. या वेळी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. विधानसभेच्या सवयीने पावणेसहाला चप्पल घालणारे दोघे तरी मला माहीत आहेत.

पुण्यातल्या मावशीने चार मतं दिली, मला एकच का?

कारण मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडतात. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांमध्ये बहुसदस्य प्रभाग आहेत, बोलीभाषेत पॅनल. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. ४० प्रभागांत प्रत्येकी चार आणि एकात पाच. तिथे मशिनवर अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी एकदा बटण दाबायचं असतं. चारही मतं एकाच माणसाला देता येत नाहीत. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथे नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, दाबायचा.

पॅनल कशासाठी, यावर दर सरकारचं नवं मत असतं आणि ते बहुधा कोणाला सोयीचं यावर ठरतं. मतदाराच्या दृष्टीने तोटा उघड आहे. चार जण निवडून आले की खड्डा नेमका कोणाचा हे कधीच कळत नाही. अ म्हणतो ब ला विचारा, ब म्हणतो निधी क ने वापरला. मुंबईकराला निदान शिव्या द्यायला एकच पत्ता आहे. हे भाग्य थोडंथोडकं नाही.

‘नोटा’ दाबून काही होतं का, की नुसता राग काढायचा?

लोकसभा-विधानसभेत नुसता रागच. महापालिकेत मात्र होऊ शकतं. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं. त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली तर कोणीही विजयी नाही, त्या जागेसाठी निवडणूक पुन्हा. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिला तर मात्र पुढचा उमेदवार विजयी धरतात. निवडणुका घेत तरी किती वेळ बसायचं! ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे आणि उमेदवार ती आपणहून सांगायला येणार नाहीत.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसली नाही. मशिन बिघडलं होतं का?

महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, नसतंच. या वेळी त्यावरून, आणि बोटावर शाईऐवजी मार्कर वापरल्यावरून, बराच गदारोळ झाला. शाई पुसली जाते असे व्हिडिओ दिवसभर फिरत होते. आयोग म्हणाला, मार्कर बऱ्याच वर्षांपासून वापरतोय. माझं म्हणणं एवढंच की संशय एकदा बोटावर चढला की कशानेच पुसला जात नाही, तेव्हा पुढच्या खेपेला आयोगाने काचेच्या बाटलीतली जुनी शाई आणावी हे बरं.

दोघांना सारखी मतं पडली तर?

चिठ्ठी. खरोखरची, हाताने उचललेली. २०१७ मध्ये गिरगावकडच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समसमान मतं पडली. फेरमोजणी झाली, तरी समान. मग चिठ्ठी टाकली आणि शहा निवडून आले. त्या निवडणुकीत शिवसेनेच्या ८४ आणि भाजपच्या ८२ जागा होत्या, त्यामुळे त्या एका चिठ्ठीकडे सगळ्या शहराचे डोळे लागले होते. ‘माझ्या एका मताने काय होतंय’ म्हणणाऱ्या आमच्या तळमजल्यावरच्या काकांना मी दर वेळी हीच गोष्ट सांगतो. ते दर वेळी म्हणतात, ‘मी गिरगावात राहत नाही.’

आमच्या चांगल्या नगरसेवकाचा प्रभाग ‘महिला’ झाला. हे कोण ठरवतं?

सोडत ठरवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ती निघाली. २२७ पैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी, २ अनुसूचित जमातींसाठी, ६१ ओबीसींसाठी आणि १४९ सर्वसाधारण. या सगळ्यांत मिळून ११४ जागा महिलांच्या, कारण २०१२ च्या निवडणुकीपासून महिलांना निम्मं आरक्षण आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्या त्या प्रभागातली लोकसंख्या बघून ठरतात. बाकीच्या चिठ्ठ्यांवर.

सोडतीच्या दिवशी सभागृहाबाहेर उभं राहण्यासारखं असतं. पाच वर्षं हळदीकुंकू, वह्यावाटप, बारशी, तेरावं असं सगळं सांभाळलेला माणूस एका चिठ्ठीत बेघर होतो. मग शेजारचा प्रभाग शोधा, नाहीतर बायकोला उभं करा. यातून ‘नगरसेविकेचे पती’ नावाचं एक पद तयार झालं आहे, जे कुठल्याच कायद्यात नाही पण बॅनरवर असतं. तरी सरसकट हसण्यात अर्थ नाही. नवऱ्याच्या नावावर आलेल्या आणि दोन वर्षांत त्याच्यापेक्षा सरस निघालेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या काळात आमच्या नाल्याची भिंत झाली, जिच्यासाठी आधीचे दोघे नुसते नारळ फोडून गेले होते.

मला स्वतःला उभं राहायचं असेल तर?

वय २१ पूर्ण हवं आणि मुंबईच्या यादीत नाव हवं, मग ते कुठल्याही प्रभागात असो. सूचक मात्र त्याच प्रभागातला लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर अपात्र. स्वतःचं बेकायदा बांधकाम निघालं तर निवडून आल्यावरही पद जातं. मालमत्ता आणि गुन्हे यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते जाहीर असतं, वाचत मात्र कोणी नाही. तुम्ही वाचा. उमेदवाराविषयी इतकी माहिती दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळत नाही, आणि ती त्याने स्वतः सही करून दिलेली असते.

खर्चाची मर्यादा मुंबईत १५ लाख. ती पाळली जाते का, हे विचारू नका. आमच्या गल्लीत फक्त पहिल्या आठवड्यात लागलेले फ्लेक्स मी एकदा मोजले होते.

एबी फॉर्म म्हणजे काय? त्यासाठी लोक रडत का होते?

पक्षाची अधिकृत उमेदवारी सिद्ध करणारा कागद. तो मुदतीत जोडला नाही तर तुम्ही पक्षाचे नव्हे, अपक्ष. या वेळी अर्जाची शेवटची तारीख ३० डिसेंबर होती, आणि बंडखोरी टाळायला पक्षांनी हे फॉर्म अखेरच्या रात्रीपर्यंत खिशात ठेवले. मग पहाटे कोणाच्या घरी फॉर्म, कोणाच्या घरी दुखवटा. पुण्यात तर एकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. २ जानेवारीला माघारीची मुदत संपली आणि मुंबईत १७०० उमेदवार रिंगणात उरले.

महापौर आपण निवडतो का?

थेट नाही. नगरपरिषदांत नगराध्यक्ष लोक थेट निवडतात, महापालिकेत महापौर नगरसेवक निवडतात. मुदत अडीच वर्षं. पद कोणत्या प्रवर्गाला, याची सोडत मंत्रालयात निघते आणि गंमत म्हणजे ती निकालानंतर निघते. या वेळी मुंबईचं महापौरपद खुल्या प्रवर्गातल्या महिलेसाठी निघालं. बहुमताला ११४ लागतात. २०२६ मध्ये भाजपच्या ८९ आणि शिंदेंच्या शिवसेनेच्या २९ जागा आल्या, त्यामुळे बेरीज जमली. ठाकरेंची शिवसेना ६५ वर राहिली, काँग्रेस २४ वर.

महापौर शहराचा प्रथम नागरिक, सभागृहाचा अध्यक्ष. मान मोठा, अधिकार बेताचे. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग करून मंत्रिमंडळासारखे अधिकार दिले होते, तो वर्षभरात गुंडाळला गेला. तिजोरीची चावी स्थायी समितीकडे असते. २७ सदस्यांची ही समिती मोठी कंत्राटं मंजूर करते, म्हणून महापौरपदापेक्षा तिच्या अध्यक्षपदासाठी जास्त रस्सीखेच होते. वर्तमानपत्रात महापौराचा फोटो मोठा येतो, पण कंत्राटदार कोणाकडे पेढे पाठवतात ते बघा.

प्रभाग समितीचा अध्यक्ष कोण असतो? त्याला आपण मत देतो का?

मत देत नाही, पण हे पद माहीत असायला हवं, कारण आपल्या भागाचा पुढारी म्हणावा असा तोच. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. मुंबईत २४ विभागांसाठी १७ समित्या होत्या. छोटे विभाग एकत्र केलेले, जसे ए, बी आणि ई मिळून एक, सी आणि डी मिळून एक. त्या विभागातले सगळे नगरसेवक तिचे सदस्य आणि ते दर वर्षी आपल्यातून अध्यक्ष निवडतात.

इथे वॉर्ड ऑफिसर, पाणीखातं, रस्तेखातं, आरोग्यखातं समोर बसतात आणि स्थानिक कामांवर बोलणं होतं. मोठ्या सभागृहात २२७ जणांत तुमच्या नाल्याचा नंबर लागणं कठीण. प्रभाग समितीत दहा-पंधरा जण असतात, तिथे नाला नावानिशी निघतो. आमच्या सोसायटीने एकदा पत्र नगरसेवकाला आणि त्याची प्रत समितीच्या अध्यक्षाला दिली होती. दोघे वेगवेगळ्या पक्षांचे होते. इतकी झपाट्याने हललेली फाइल मी नंतर पाहिली नाही.

कायद्यात या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचीही सोय आहे. २००९ मध्ये त्याखाली क्षेत्रसभा आणण्याचा कायदाही झाला, ग्रामसभेसारखी. ग्रामसभेत सरपंचाला उभं करून जाब विचारणारा माझा चुलतभाऊ मला विचारतो, ‘तुमच्या मुंबईत क्षेत्रसभा कधी भरते?’ मी विषय बदलतो.

स्वीकृत नगरसेवक कोण?

मत न मागता आलेले. पूर्वी ५ होते, आता १०. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटणी होते. महापालिकेच्या कारभाराची जाण असलेली माणसं यावीत हा हेतू. ज्यांना तिकीट देता आलं नाही त्यांची सोय, हा अनुभव. त्यांना मतदानाचा हक्क नसतो.

नगरसेवकाला पगार किती? निधी त्याच्या खात्यात येतो का?

मानधन महिना २५ हजार, २०१७ पासून. नगरसेवक निधी त्याच्या खात्यात येत नाही. तो काम सुचवतो, वॉर्ड कार्यालय अंदाजपत्रक करून निविदा काढतं. बाकड्यावर त्याचं नाव असलं तरी बाकडं तुमच्याच मालमत्ता करातलं. म्हणून कोणी ‘माझ्या निधीतून’ म्हटलं की मी हसून पाणी देतो.

निवडून आल्यावर पक्ष बदलला तर पद जातं ना?

स्थानिक संस्थांसाठी पक्षांतराचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा. म्हणून निकालानंतर पक्ष घाईने कोकण विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंदणी करतात. एकदा गट नोंदला की त्याचा पक्षादेश लागू. पण एकटादुकटा अडकतो, घाऊक गेलेले सुटतात, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

राखीव जागेवरच्या नगरसेवकाचं जातप्रमाणपत्र बाद झालं तर पुन्हा मतदान होतं का?

दर वेळी नाही. जात वैधता प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत द्यावं लागतं, नाही दिलं तर पद रद्द. त्याविरुद्धची याचिका मुंबईत लघुवाद न्यायालयात चालते, आणि २०१७ च्या निवडणुकीनंतर काही प्रभागांत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विजयी घोषित केलं गेलं. म्हणजे तुम्ही ज्याला पाडलं तोच दोन वर्षांनी तुमचा नगरसेवक होऊन दारात उभा राहू शकतो. जपून पाडा.

काम करत नसेल तर परत बोलावता येतं का?

नाही. पाच वर्षं.

आता निवडून आलाय. पहिलं काम काय सांगावं?

तोंडी काहीच सांगू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर एका पानात एकच काम लिहा. जागा नेमकी सांगा, खांबाचा नंबर असेल तर तो द्या. ‘परिसराचा विकास’ लिहिलंत तर पेव्हर ब्लॉक मिळतील, जे आधीचे चांगले असतानाही बदलले जातात. प्रत वॉर्ड ऑफिसरला, प्रत प्रभाग समितीच्या अध्यक्षाला, आणि तिन्हींवर आवक शिक्का. शिक्का नसलेला कागद कोणाला मिळालेला नसतो.

आमचं पत्र गेलं आहे. पाणी सध्या पाच चाळीसला जातंय.